ओली फडकी

१

सकाळी उठल्यावर लोक आपलं तोंड धुतात. धाकटी आधी दुसऱ्यांची तोंडं ओली करायची.

घराच्या मागच्या लांबट खोलीला घरातले सगळे पहिल्यापासून कारखाना म्हणायचे. आता घरात म्हणायला धाकटी एकटीच होती, पण नाव टिकलं होतं. तिथे भिंतीलगतच्या फळीवर मातीची डोकी ओळीनं उभी असायची. प्रत्येकाला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि वरून प्लास्टिकची पिशवी. धाकटी एकेक पिशवी उचलायची, फवाऱ्यानं फडकं भिजवायची आणि पिशवी पुन्हा खाली ओढायची. माती ओली आहे तोवर तिच्यावर काम करता येतं. वाळली की भेगा पडतात, मग त्या डोक्याचं काही करता येत नाही. म्हणून रोज फवारा. ताप असला तरी फवारा. गावाला जायची वेळ तिच्यावर आली नाही, कारण तिनं ती येऊच दिली नाही.

फळीवरचं एकही डोकं पुरं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांना नाक नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्या बाईंना कान नव्हते. घड्याळजींचा चेहरा कपाळापासून ओठांपर्यंत हुबेहूब होता आणि त्याखाली नुसता गोळा. धाकटीच्या हातात कला होती, हे तिचे शत्रूही मान्य करत. तिचे शत्रू म्हणजे तिची गिऱ्हाइकं. सुरुवात ती झपाटल्यासारखी करायची. पहिल्या दिवसांत तिला तहानभूक नसायची. मग मातीतून माणूस ओळखू यायला लागला की तिचा हात मागे यायचा. उद्या करू, असं ती म्हणायची आणि फडकं गुंडाळायची.

"बाई, मी म्हातारा होतोय," दातांचे डॉक्टर फोनवर म्हणत. "तुम्ही नाक लावाल तेव्हा ते माझंच आहे हे सांगायला मी असेन ना?"

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात नक्की."

"कुठल्या सालच्या?"

यावर धाकटी हसायची, डॉक्टरही हसायचे आणि नाक तसंच राहायचं.

फळीच्या अगदी टोकाला, खिडकीपासून लांब, आणखी एक डोकं होतं. त्याच्यावर दोन फडकी होती. धाकटी त्याला सगळ्यात शेवटी भिजवायची, आणि तिथे तिचा हात जास्त वेळ रेंगाळायचा. ते दादाचं होतं.

२

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. कारखाना मुळात त्याचा. डावखुरा होता, आणि हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठणं त्याला ठाऊक नव्हतं. काम झालं की कोरण्या धुवायचा, फडक्याची चौपदरी घडी करून स्टुलावर ठेवायचा आणि मगच चहाला यायचा. डोळे तो सगळ्यात शेवटी करायचा. "आधी डोळे केले तर माणूस बघत बसतो," म्हणायचा, "मग काम करू देत नाही."

त्यानं आयुष्यात एकच काम अर्धवट सोडलं, ते धाकटीच्या डोक्याचं. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर तिला बसवून तो तिचं डोकं करत होता. केसांना माती कमी पडली. नदीच्या वळणावर चांगली माती मिळायची. दादानं पोतं घेतलं, सायकल काढली आणि दारातून सांगितलं, "हलू नकोस, आलोच."

धाकटी अंधार पडेपर्यंत हलली नाही.

सायकल नदीकाठी झाडाला टेकवलेली सापडली. कॅरिअरवर पोत्याची चौपदरी घडी होती. दादा सापडला नाही. पोलीस म्हणाले, नदी. कोणी म्हणालं, त्याच्यासारखा माणूस स्टेशनवर दिसला होता. एकानं तर त्याला बसमध्ये चढताना पाहिलं होतं. नदीनं काही परत दिलं नाही, त्यामुळे नदीचं म्हणणं कोणाला सिद्ध करता आलं नाही आणि स्टेशनवाल्याचं कोणाला खोडता आलं नाही. त्या धावपळीत कारखान्यात कोणी पाऊल टाकलं नाही. धाकटी परत तिथे गेली तेव्हा तिचं डोकं वाळून कपाळापासून हनुवटीपर्यंत चिरलं होतं. तिनं ते खोक्यात घालून फळीखाली ढकललं. त्या दिवसापासून तिनं कुठलीही माती वाळू दिली नाही, आणि पुरी म्हणून कुठलीही हातातून सोडली नाही.

पुढे वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, दुसऱ्या शहरात नोकरी धरली. जाताना तिनं एकच मागितलं होतं. "त्याचं डोकं करून दे मला. घरात ठेवायला काहीतरी हवं."

धाकटीनं लगेच सुरू केलं होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती, आणि दर वर्षी ती त्या डोक्याला थोडं म्हातारं करायची. तो परत आला तर जसा दिसेल तसा. डोळ्यांखाली थोडी माती, ओठांशेजारी एक रेघ, कानशिलावरचे केस जरा मागे. माणूस रोज म्हातारा होतो, मग त्याचं डोकं पुरं कसं होणार? हे कारण तिला स्वतःला पटायचं. वहिनीला ते पटतं का, हे तिनं कधी विचारलं नाही.

३

शिस्तबाईंचा शोध वहिनीनंच लावला. त्यांचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण वहिनी त्यांना शिस्तबाईच म्हणायची. लिहिणारे, चित्रं काढणारे, गाणी बांधणारे, असे सुरू करून अडकलेले सगळे सुरूवीर त्या बाईंकडे जायचे आणि त्या त्यांना शेवटापर्यंत कसं पोचायचं ते शिकवायच्या. वहिनीनं धाकटीच्या वतीनं सगळं ऐकलं आणि फोनवर सांगितलं.

"हे बघ, सोपं आहे. ज्या कामाला हात घालशील त्याला खूण करायची. कपड्यांचा चिमटा लाव. चिमटा ज्याच्यावर, तेच काम. बाकीची कामं नाहीतच असं समजायचं."

"बाकीची मला बघत असतात, वहिनी."

"पिशव्या आहेत ना त्यांच्या डोक्यावर? मग कशी बघतील? पुढे ऐक. गजर लावायचा. वाजेपर्यंत उठायचं नाही आणि वाजला की हात थांबवायचा. मग मला फोन करून एक शब्द सांगायचा. झालं, नाहीतर नाही."

"बस?"

"आणखी एक आहे. जरा वेडगळ आहे." वहिनी थांबली. "शेजारी एक रिकामं स्टूल ठेवायचं. ज्याला काम पुरं करता येतं अशा माणसाला मनातल्या मनात तिथे बसवायचं. त्यानं नुसतं सोबत बसायचं. तुझ्या ओळखीत असं कोण आहे, हातातलं पुरं केल्याशिवाय न उठणारं?"

विचारून झाल्यावर दोघींनाही एकच माणूस आठवला.

"बघते," धाकटी म्हणाली.

तिनं दादाचं बुटकं स्टूल पुसलं आणि ज्यावर डोकं ठेवून काम करायचं त्या फिरत्या पाटाशेजारी ठेवलं. लाल चिमटा डॉक्टरांच्या पिशवीला लावला. गजर लावला. मग एकदा इकडेतिकडे बघून, कोणी ऐकायला नसतानाही हळू आवाजात म्हणाली, "बस, दादा."

आणि काय सांगावं, नाक झालं. गजर वाजला तेव्हा डॉक्टर फिरत्या पाटावरून तिच्याकडे चक्क स्वतःच्या नाकानं बघत होते. पुढच्या दोनतीन बैठकांत डोळेही झाले. धाकटीनं साचा काढला, प्लास्टर ओतलं आणि वहिनीला फोन केला.

"झालं!"

वहिनी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारल्याचं धाकटीला ऐकू आलं. त्या संध्याकाळी धाकटीला खूप दिवसांनी भूक लागली.

४

चिमटा पोहायला शिकवणाऱ्या बाईंवर गेला. पहिल्या बैठकीत धाकटीनं कानांची जागा आखली. गजर वाजला, तिनं हात थांबवला, फडकं गुंडाळलं, पिशवी ओढली.

सकाळी ती फवारा घेऊन आली तर बाईंचं फडकं स्टुलावर होतं. त्याची चौपदरी घडी होती.

धाकटी फडकी कधीच घडी करत नसे. काढलं की जमिनीवर टाकायची आणि मग त्यावरूनच घसरायची. पण नवी शिस्त अंगात भिनते आहे, असं म्हणून ती स्वतःवर खूश झाली. मग तिनं पिशवी उचलली.

बाईंना डावा कान होता.

कान चांगला होता. आपल्या हातून इतका चांगला होईल का, असं वाटण्याइतका. आपणच केला असणार, तिनं मनाशी ठरवलं. तंद्रीत केला, विसरलो. तंद्रीत माणूस मीठ दोनदा घालतो, मग कान का करणार नाही? हे तिला जवळजवळ पटलं होतं. मग तिला कानावरचे केस दिसले. उजव्या हातानं कोरणी ओढली की ओरखडे एका बाजूला कलतात. ती इतकी वर्षं आपले ओरखडे बघत आली होती. हे उलट्या बाजूला कललेले होते.

तिनं कोरणी डाव्या हातात धरून बघितली. साध्या मातीच्या गोळ्यावर सरळ रेघसुद्धा येईना.

कानाच्या मागे अंगठ्यानं दाबलेला एक खळगा होता. तिनं आपला अंगठा त्यात ठेवला. खळगा मोठा होता. दादा प्रत्येक डोक्याच्या कानामागे असा अंगठा दाबायचा. कशासाठी, म्हणून तिनं लहानपणी विचारलं होतं, तेव्हा त्यानं तिच्याच कानामागे अंगठा ठेवून दाखवला होता. "माणसाला इथं धरलं की तो पळत नाही," म्हणाला होता.

धाकटीनं फडकं पुन्हा गुंडाळलं. कारखान्याचं दार, खिडकी, मागची कडी, सगळं तपासलं. सगळं आतून बंद होतं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचेना.

संध्याकाळी वहिनीनंच फोन केला. "काय गं, झालं की नाही?"

"कान झाला," धाकटी म्हणाली.

खोटं नव्हतं ते.

५

त्यानंतर कामं भराभर उरकायला लागली. ती एक कान करायची, सकाळी दुसरा झालेला असायचा. ती हनुवटी आखायची, सकाळी तिच्यावर खळी असायची. पोहायला शिकवणाऱ्या बाई आपलं डोकं न्यायला आल्या आणि त्याच्याभोवती दोनदा फिरल्या. मग म्हणाल्या, "ही माझी आई दिसते हो. तुम्ही कुठे बघितलं होतंत तिला?" घड्याळजींनी डोकं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि कानामागच्या खळग्यात बोट घालून विचारलं, "ही किल्ली द्यायची जागा का?" धाकटी खळखळून हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण स्टुलाकडे बघून हसतोय.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. गजर तिनं लावून ठेवला होता, पण तो वाजायला अवकाश होता. भिंतीपलीकडे फिरता पाट करकरला. थोडा फिरला, थांबला. मग फवारा दोनदा फुसफुसला. पुन्हा पाट. हा आवाज ती जन्मभर ऐकत आली होती, आणि तिचं लहानपण या आवाजाच्या पलीकडच्या खोलीत गेलं होतं, म्हणूनच तिला पहिल्यांदा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं सवयीनं विचारलं, "साखर किती?"

मग तिचा हात गाळणीवर थांबला.

ती तशीच उभी राहिली. पाट करकरत राहिला. गजर वाजला आणि आवाज बंद झाला. ती दारापर्यंत गेली तेव्हा कारखान्यात कोणी नव्हतं. स्टुलावर फडक्याची घडी होती. घडीखाली स्टूल ओलं होतं आणि पाणी एका पायावरून जमिनीवर ओघळत होतं. फडक्यात मावेल त्याहून जास्त पाणी.

घाबरायला हवं होतं. ती घाबरलीही. पण खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर तिला बरं वाटत होतं, आणि हे तिला कोणाला सांगता आलं नसतं. घरात कोणीतरी होतं. ती दुसऱ्या खोलीत असताना या खोलीत आवाज होत होता. इतकी वर्षं या घरात जो आवाज व्हायचा तो तिचाच असायचा. भांडं पडलं तर तिनं पाडलेलं, दार वाजलं तर तिनं लावलेलं. त्या दिवसापासून ती चहा दोन कप करायला लागली. दुसरा कप निवायचा. ती तो ओतून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

रोज संध्याकाळी ती वहिनीला सांगायची, "झालं." वहिनी म्हणायची, "शाब्बास." काम कोणी केलं, हे शिस्तबाईंच्या पद्धतीत कोणी विचारतच नव्हतं.

फळी रिकामी होत गेली. खिडकीकडून सुरू झालेलं काम ओळीनं टोकाकडे चाललं होतं. हे धाकटीला दिसत होतं. तिनं ते बघायचं टाळलं, इतकंच.

६

एके सकाळी लाल चिमटा दादाच्या पिशवीला लावलेला होता. तिनं तो लावला नव्हता. आदल्या संध्याकाळी तिनं तो बशीत काढून ठेवला होता.

तिनं चिमटा काढला आणि बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. परत येऊन दादाचं स्टूल उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. मग दादाचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, धापा टाकत आपल्या खोलीत आणलं आणि पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. फडकं भिजवायला फवारा आणला. खोलीचं दार लावलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ऐक," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "कालच सांगणार होते. धीर झाला नाही. माझ्या ऑफिसातले एकजण आहेत. चांगले आहेत. त्यांनी विचारलंय."

धाकटीनं हातातला फवारा टेबलावर ठेवला.

"रागावलीस?"

"नाही वहिनी."

"मी हो म्हणणार होते. पण तोंडातून शब्द फुटेना. कोणत्या तोंडानं हो म्हणू? मी त्याची बायको आहे की नाही, हेच मला माहीत नाही. लोकांचं माणूस जातं तेव्हा ते रडतात आणि उठतात. मला रडायलाच मिळालं नाही गं. दार वाजलं की मी अजून आधी केस सारखे करते." ती थांबली. "त्याचं डोकं कधी होणार आहे? तू टाळतेस, मला कळतं. पण मला एकदा त्याला बघायचंय. जसा होता तसा. मग माझं मी बघेन."

"आणि तो परत आला तर?"

"तर त्याला म्हणेन, तू उशीर केलास." वहिनी रडत नव्हती. तेच ऐकवत नव्हतं. "पुरं कर ना. माझ्यासाठी."

"बघते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला सगळं कळत होतं. हे डोकं पुरं झालं की वहिनी मोकळी होणार होती. आणि हे ओलं आहे तोवरच दादा कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत, थोडा थोडा म्हातारा होत होता. दोन्ही गोष्टी एकदम होण्यातल्या नव्हत्या. तिनं खुर्ची टेबलाशी ओढली आणि फडक्यावर हात ठेवून बसली. कोणालाही हात लावू द्यायचा नाही. दादालासुद्धा नाही.

७

दुपार कलली. उन्हाचा पट्टा पलंगावरून जमिनीवर उतरला. हाताखाली फडकं गार होतं, आणि त्याखाली नाकाचा उंचवटा लागत होता. आपण काय करतोय, असं तिला मधेच वाटलं. दिवसाढवळ्या, स्वतःच्या खोलीत, मातीच्या गोळ्यावर पहारा. शिस्तबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी यालाही एखादा नियम काढला असता. ती स्वतःशीच हसली. सकाळपासूनच्या धावपळीनं ती दमली होती. तिनं डोळे मिटले, नुसते मिटले, हात हलवला नाही.

कारखान्यात गजर वाजायला लागला.

तिनं गजर लावला नव्हता. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि ते उघडायची तिला इच्छा होईना. हाताखाली फडकं होतं, पण ते सपाट होतं. तिनं बोटांनी कडा चाचपल्या. घडी. चौपदरी.

बोटं पुढे सरकली. माती गार आणि ओली होती. ओठ लागले. ओठांशेजारी तिनं कोरलेली रेघ नव्हती. डोळ्यांखाली वर्षानुवर्षं घातलेली माती नव्हती, गाल भरलेले आणि घट्ट होते. कानशिलावरचे केस तिनं मागे नेले होते, ते पुढे आले होते आणि कपाळाला चिकटले होते, नुकतंच पाण्यातून वर काढल्यासारखे. केसांत वाळू होती. तिच्या मातीत वाळू कधीच नसायची, ती चाळून घ्यायची. मग बोटं डोळ्यांवर गेली आणि तिथे थांबली.

पापण्या मिटलेल्या होत्या.

तिनं एकदाच बघितलं. दादा सायकल काढून दारातून गेला होता तेवढाच होता. एका दिवसानंही मोठा नव्हता.

स्टेशनवर दिसलेला माणूस दुसराच कोणीतरी होता. बसमध्ये चढलेलाही. ती इतकी वर्षं ज्याला म्हातारं करत आली तो कुठल्याच गावात, कुठल्याच खोलीत राहिला नव्हता. धाकटी मोठ्यानं रडली. रडताना तिला कळलं की आपणही याआधी रडलो नव्हतो.

गजर वाजतच होता. तिनं फोन उचलला.

"वहिनी, झालं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"डोळे?" वहिनीनं विचारलं.

"मिटलेले."

वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मग ती रडायला लागली. धाकटीनं फोन कानाशी धरून ठेवला. खूप वेळानं वहिनी म्हणाली, "बरं झालं. बरं झालं गं, केलंस ते." नाक ओढून पुढे म्हणाली, "मी उद्याच येते. तूही चल माझ्याबरोबर. त्या घरात एकटी किती दिवस बसणार आहेस? कोणासाठी?"

"बघते," धाकटी म्हणाली.

"बघते नाही. बॅग भर."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि त्या क्षणी तिला खरंच जायचं होतं.

८

ती गजर बंद करायला कारखान्यात गेली.

फळी रिकामी होती. सगळी फडकी एकावर एक, घड्या करून ठेवलेली. अंगणात नेलेलं बुटकं स्टूल फिरत्या पाटाशेजारी परत आलं होतं आणि त्याच्याखाली पाण्याचं थारोळं होतं. कारखान्यात नदीचा वास येत होता.

तिनं गजर बंद केला. शांतता झाली तेव्हा तिला पाटावरचं डोकं दिसलं.

ते तिचं होतं. फळीखालचं खोकं उघडं पडलं होतं आणि त्यातलं चिरलेलं डोकं पाटावर होतं, पण त्यावर चीर नव्हती. ओलं होतं. दादा गेला तेव्हा जिथवर आलं होतं अगदी तिथवरच आलेलं. केस व्हायचे होते. शेजारी मातीचं पोतं भरून ठेवलं होतं. डोळ्यांच्या जागी नुसते सपाट खळगे होते, कारण डोळे तो सगळ्यात शेवटी करायचा.

दार तिच्या मागे उघडंच होतं. घर ओलांडलं असतं तर ती रस्त्यावर असती. कपडे किती घ्यावेत, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात मानेशी काहीतरी टोचलं. तिनं हात मागे नेला. झग्याच्या कॉलरला चिमटा लावलेला होता.

तिनं तो काढायला बोटं नेली आणि तशीच ठेवली. मग हात खाली घेतला.

खिडकीजवळचं उंच स्टूल होतं तिथेच होतं. ती त्यावर चढून बसली, पाठ ताठ, चेहरा उजेडाकडे, जशी त्या दिवशी बसली होती. तिच्या मागे फिरता पाट करकरला. फवारा दोनदा फुसफुसला. कोणीतरी पाण्यानं जड झालेलं पाऊल उचलून तिच्या डाव्या अंगाला आलं.

गार, ओला अंगठा तिच्या कानामागे टेकला.

धाकटी हलली नाही.